फ्रुमाच्या दोन मेणबत्त्या

या, जरा जवळ सरकून बसा. लोझोवित्सा गावच्या फ्रुमाची गोष्ट सांगते. गोड आहे, पण घाईनं ऐकायची नाही.

फ्रुमा दफनभूमीच्या कुंपणाकडेनं उलट्या पावलांनी चालत हातातलं सुताचं रीळ उलगडत होती. सुताचं टोक होतं तिच्या जन्माच्या मैत्रिणीच्या, हिंडाच्या मुठीत.

"अगं फ्रुमे, ताणून धर जरा! सूत ढिलं पडलं तर पलीकडचे म्हणतील, म्हातारीचा हात आखडला."

"हात राहू दे, तुझी जीभ आखडती तर एव्हाना घरी पोचलो असतो."

किप्पूरचा, म्हणजे आम्हा ज्यूंचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास उद्यावर आला होता. कबरींभोवती फिरवलेल्या या सुताच्या वाती करायच्या, आणि उपासाच्या संध्याकाळी घरटी दोन मेणबत्त्या लावायच्या: एक गेलेल्यांची, एक असलेल्यांची. वातीतला एकेक पदर एकेका माणसाच्या नावानं. आमच्या गावात ही रीत आजीच्या आजीपासूनची.

चार पावलांवर हिंडानं विचारलंच.

"यंदा लेझर कुठल्या वातीत?"

लेझर फ्रुमाचा एकुलता एक. रशिया-जपानच्या लढाईवर गेला, त्याला सात वर्षं झाली. सातही वर्षं त्याचा पदर असलेल्यांच्या वातीत जळला. या उन्हाळ्यात मात्र त्याच्या पलटणीतल्या एका शिपायानं आमच्या धर्मगुरूंपुढे, रब्बींपुढे, साक्ष दिली, 'मी याच हातांनी त्याला माती दिली.' रब्बींनी लेझरच्या बायकोला, ब्राइनाला, दुसऱ्या लग्नाची मोकळीक दिली. कल्हईवाल्या मेनाशेनं मागणीही घातली. पण ब्राइना अडून बसली होती: आईंनी तो पदर आपल्या हातानं हलवल्याशिवाय मी मांडवाखाली उभी राहणार नाही.

"सगळ्यांभोवती सूत फिरवलं," फ्रुमा म्हणाली. "माझ्या लेकाची कबर इथं नाहीच. त्याच्याभोवती काय फिरवू?"

"आणि त्या पोरीभोवती काय फिरवते आहेस सात वर्षं?"

रीळ फ्रुमाच्या हातून गवतात पडलं, आणि ते उचलायला तिला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्राइना चुलीवर मेण वितळवत होती. फ्रुमानं टेबलावर सुताचे दोन ढीग मांडले आणि पदर तोडायला घेतले.

"हा राहेलआईचा, आपल्या सगळ्यांच्या आदिमातेचा. वाटेतच विसावली बिचारी. हा माझ्या बापाचा. हा माझ्या धन्याचा. तिथं तरी वेळेवर जेवत असू दे." मग दुसऱ्या ढिगाकडे वळून, "ही ब्राइना, पेस्याची लेक. आरोग्य दे, देवा, आणि थोडं कमी हट्टीपण."

जिवंत माणसासाठी मागणं मागायचं ते त्याच्या आईचं नाव घेऊन. हाक नीट पोचते.

"हट्टीपण मी या घरातच शिकले," ब्राइना पाठमोरीच म्हणाली.

फ्रुमा हसली. पुढचा पदर तिनं इतरांपेक्षा लांब तोडला. तळहातावर ठेवून बोटानं विंचरल्यासारखा सरळ केला, पुन्हा केला. मग वाकून राहेलआईच्या पदराशेजारी ठेवला.

"लेझर," एवढंच ती म्हणाली.

ब्राइनाच्या हातातला डाव थांबला. मेणावर साय धरू लागली.

फ्रुमानं रुमालानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि आणखी एक पदर तोडून असलेल्यांच्या ढिगावर धरला.

"त्या कल्हईवाल्याच्या आईचं नाव काय गं?"

ब्राइना वळली. "त्याला ठाऊक नाही, आई. पटकीत आईबाप दोघं गेले तेव्हा तो रांगत होता. परगावचे होते. नाव सांगायला कुणी उरलंच नाही."

"इतका मोठा बाप्या, आणि इतकी वर्षं त्याच्यासाठी कुणी नीट मागितलंच नाही?"

"नाही."

फ्रुमानं जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. पदर खाली ठेवला, बोटानं दाबला.

"मेनाशे, फ्रुमाचा लेक," ती म्हणाली. "बघत काय उभी राहिलीस पोरी? मेण थिजतंय."

आमच्या त्या कबरींभोवती सूत फिरवायला आता गावात कुणी उरलं नाही. म्हणून एक विनवणी: तुमच्या घरी वात लागेल तेव्हा एक पदर फ्रुमाच्या नावाचा असू द्या.