शेषाद्रीमामांचा हँडब्रेक

"मामा, अख्ख्या तंजावुरात एक तरी चढ आहे का? मग तुम्हाला हँडब्रेक हवाच कशाला?"

हे मी विचारलं ते नंदिता आणि शांभवीने पैज लावली म्हणून. शाळेतून येताना राजवाड्यामागच्या गल्लीत आम्हाला शेषाद्रीमामांचे रोज फक्त पाय दिसायचे. बाकीचं अंग गाडीखाली, आणि तिथून हँडब्रेकच्या नावाने कुरकुर. "विचारून दाखव, तर तू खरी," शांभवी म्हणाली. अकरावीत गेल्यापासून मी कुणालाही काहीही विचारू शकते, त्यामुळे मी सरळ फाटक उघडून आत गेले. नंदिता बाहेर तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

पाय हलले. मग पोट आलं, ग्रीसने माखलेलं बनियन आलं, सगळ्यात शेवटी चष्मा.

"उदंड बरोबर विचारलीस, कण्णा," मामा लाडाने म्हणाले. "तंजावुरांत नकोच. ताटासारखं सपाट गांव आपलं. कोडाईला पाहिजे."

"कोडाईकानल? ह्या गाडीतून?"

"मग काय विमानांतून?"

फाटकाबाहेरचं हसू थांबलं. पैज मी जिंकले होते, पण आता मला निघायचंच नव्हतं.

मामा म्हणजे माझ्या अम्माचे थोरले भाऊ. जन्मभर वीज कचेरीत एका खिडकीमागे बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या आणि यंदा निवृत्त झाले. आजीचं करता करता लग्न राहून गेलं. सगळ्या आयुष्यात एक सहल, तीही कचेरीची, कोडाईचीच. "बसमध्ये मागच्या लांब सीटवर मधोमध बसवले," ते सांगायला लागले. "घाटभर मी पुढच्या माणसाची मान पाहिलों. वर पोचलों तर अवघें धुकें. फोटोंत तरी असेन म्हणशील, तर फोटो काढणारा मीच!"

म्हणून ही गाडी. साठ सालच्या सुमाराची इंग्रजी, दोनच सीटा, छप्पर नाही. एका मळेवाल्याने टाकून दिलेला सांगाडा मामांनी आणला होता. मूळचे भाग मिळेनात, तेव्हा शाळेच्या व्हॅनचं इंजिन बसवलं आणि मागच्या चाकांना एका नव्या गाडीचे डिस्क ब्रेक. गाडी धावायला लागली. फक्त हँडब्रेक जुळेना. दांडा जुना, डिस्क नवे. ह्या डिस्कना केबल जास्त ओढावी लागते आणि जुना दांडा तेवढी ओढतच नाही. त्यांचा मेकॅनिक कार्तिकेयन याने मध्ये एक फिरती पट्टी बसवून दिली, थोडं ओढलं की पलीकडे जास्त ओढलं जाईल अशी. पण मग दांड्याला जोर जास्त लागायला लागला. तरफेचा धडा मला येतो, त्यामुळे मी लगेच म्हटलं, "दांडा लांब करा!"

"केलों कीं," मामा म्हणाले. "दोनदा केलों. तरी धरत नाही. आता कार्तिकेयन तिसरा करतोय. रविवारी पाहूं. येतीस?"

तेव्हा मामांनी चहाचा पेला उजव्या हाताने उचलला, ठेवला, आणि चष्माही उजव्याच हाताने सारखा केला. मी पाहिलं, पण मला त्यात काही दिसलं नाही. गेल्या वर्षी त्यांना एक छोटासा झटका येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, आता बरं आहे. अम्मा पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीला जाऊन आली आणि आमच्या घरात तो विषय संपला.

तंजावुरात चढ नाही असं मी म्हटलं खरं, पण पुदु आरूच्या कालव्याच्या बांधावर एक रस्ता चढतो. रविवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. मी डावीकडच्या सीटवर, केस मोकळे, आणि सायकलवरची माणसं वळून वळून बघतायत! मला तर राणीच झाल्यासारखं वाटत होतं. नवा दांडा आम्हा दोघांच्या मधून वर आला होता, इतका लांब की माझं कोपर त्याला लागायचं. मागून स्कूटरवर कार्तिकेयन, आणि त्याच्या पायाशी एक मोठा दगड.

मामांनी चढावर मधोमध गाडी थांबवली. डावा हात दांड्यावर ठेवला. ओढला. ट्र्र, ट्र्र. पायाचा ब्रेक सोडला.

गाडी मागे निघाली.

"कल्लु!" मामा ओरडले आणि कार्तिकेयनने चाकाखाली दगड सरकवला. मग तो गाडीखाली शिरला, पाना फिरवला, बाहेर आला. मामांनी पुन्हा ओढला. पुन्हा दगड. आणखी एकदा. दर वेळी मामा म्हणायचे, "केबल सैल झाली," आणि दर वेळी कार्तिकेयन म्हणायचा, "असेल, सार." मामांच्या कपाळावर घाम आला होता.

"इळनीर आणतों," शेवटी ते म्हणाले आणि खाली नारळवाल्याकडे चालत गेले.

कार्तिकेयन दगडाकडे बघत उभा होता. मग तमिळमध्ये, लहान मुलीला हाक मारावी तसं, मला म्हणाला, "पाप्पा, तू ओढ."

"मी?"

"ओढ ना."

मी बसल्या जागेवरून, उजव्या हाताने, दांडा ओढला. फार काही जोर लावला नाही. ट्र्र ट्र्र ट्र्र झालं आणि दांडा अडला. कार्तिकेयनने वाकून चाकाखालचा दगड काढून घेतला.

गाडी जागची हलली नाही.

"झाला!" मी टाळीच वाजवली. "कार्तिकेयनअण्णा, झाला की! मामांना हाक मारा!"

त्याने मारली नाही. दगड रस्त्याच्या कडेला ठेवला आणि हात पुसत म्हणाला, "हा ब्रेक पहिल्या दांड्यालाच झाला होता."

"मग तीन तीन का केले?"

"सार म्हणाले, धरत नाही." तो खाली नारळवाल्याकडे बघत होता. मामा तिथे उजव्या हाताने एक शहाळं छातीशी धरून उभे होते आणि दुसरं कसं घ्यावं याचा विचार करत होते. "त्यांना मी काय सांगू, पाप्पा? दांडा लांब करत गेलो. आता ह्याहून लांब बसत नाही."

मी टाळी वाजवलेले माझे हात मांडीखाली घेतले.

मामा वर आले ते नारळवाल्याला सोबत घेऊनच, दोन शहाळी त्याच्या हातात. त्यांनी आधी गाडी पाहिली. मग चाक. मग कडेला पडलेला दगड.

"कोण ओढलं?"

"मी ओढलो, सार," कार्तिकेयन पटकन म्हणाला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. "मी ओढलें, मामा."

"दोन्ही हातांनी?"

"नाही."

"असोंदे," मामा म्हणाले. शहाळ्याला नळी लावून त्यांनी माझ्या हातात दिलं, दुसरं कार्तिकेयनला. स्वतःसाठी आणलंच नव्हतं. ते गाडीभोवती फिरले, दांडा पाहिला, माझी सीट पाहिली. मग एकदम वळले, आणि चेहरा उजळलेला.

"ऐक! तूं डावीकडे बसतीस. दांडा मध्यें आहे. मी चालवतों, तूं ओढ! घाटांत जिथे थांबायचं तिथे मी म्हणेन, 'विनुता!' आणि तूं ओढ. बस. इतकंच. येतीस नं? शाळेला सुटी लागूंदे, मग जाऊं."

"येतें!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परत येताना मामा गप्प बसेनात. स्वेटर कुठला घ्यायचा, वाटेत दिंडुक्कलला काय खायचं, पहाटे निघालं तर ऊन लागणार नाही. गिअर ते तळहाताने ढकलून टाकत होते, मुठीत धरून नाही. बांधावरून उतरल्यावर त्यांनी डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. जरा वेळाने तो घसरला. हळूहळू, बोट बोट करत खाली आला आणि त्यांच्या मांडीवर पडला, उताणा, शेजारी दुसरंच कुणी झोपलं असावं तसा. मामा बोलतच होते. हात पडला आहे हे त्यांना कळलंच नव्हतं.

समोर वळण आलं. वैरणीचा भारा घेतलेली एक मोपेड पलीकडून आली. गाडी वळायची तेवढी वळली नाही, रुंद गेली, माझ्या बाजूचं चाक कडेच्या मातीत उतरलं आणि खाली कालव्याचं पाणी मला अगदी स्पष्ट दिसलं.

"मामा!"

त्यांनी उजव्या हाताने स्टिअरिंग ओढून घेतलं. "पाहिलों, पाहिलों," म्हणाले. मोपेडवाला मागून काहीतरी ओरडला. मामांनी हसून हात केला, उजवा, आणि तेवढा वेळ स्टिअरिंगवर कुठलाच हात नव्हता.

मला घाटाचा रस्ता माहीत आहे. आम्ही दहावीनंतर गेलो होतो. तिथे एकामागून एक वळणंच आहेत. मी तिथे दांडा ओढू शकते, हजारदा ओढू शकते. स्टिअरिंग मी ओढू शकत नाही. आणि मी शेजारी बसले तरच ही गाडी घाटात जाणार होती. एकट्याने जाणं जमणार नाही, हे मामांनाही आज बांधावर कळून चुकलं होतं.

मामांच्या फाटकापासून चालत घरी पोचले, तर मामांचा फोन माझ्या आधीच येऊन गेला होता. अम्मा कपाटावरून जुनी ट्रंक उतरवत होती. अप्पा खाली स्टूल धरून उभे.

"अण्णा किती हसत होता फोनवर!" अम्मा म्हणाली. "त्या दुखण्यानंतर असा बोललाच नव्हता. म्हणतो, विनुता येते म्हणाली म्हणून जातोय, नाहीतर गाडी विकून टाकणार होतो. हा बघ माझा लोकरीचा कोट, तुला होईल."

"आमची मुलगी आता नॅव्हिगेटर!" अप्पा म्हणाले. "कुणाला भीत नाही."

कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. अम्माने तो माझ्या खांद्यांना लावून पाहिला. मामांच्या हाताचं मी त्या वेळी सांगू शकले असते. अम्माने लगेच फोन लावला असता, डॉक्टरांना, मावशीला, कोइंबतूरच्या मामांना, आणि संध्याकाळपर्यंत सगळे मिळून त्यांच्या हाताबद्दल बोलले असते, त्यांच्याच पडवीत बसून.

मी कोट घेऊन त्याची घडी केली.

"मी कोडाईला जाणार नाही," मी म्हटलं. "मला घाटाची भीती वाटते. मामांना उद्या मीच जाऊन सांगते."