मोठा मासा वाढला

आमच्या हिच्या तोंडी काही शब्दांना मज्जाव आहे. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. देवापुढचा दिवा विझत नाही, वाढतो. बांगडी फुटली तरी ती वाढली. बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. जिल्हा परिषदेत जन्मभर कारकुनी केलेल्या माझ्यासारख्या माणसाला याची भारी गंमत वाटायची. "विजया, तुझ्या हिशेबानं या घरात सगळं वाढतच चाललंय," असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "वाढू दे की. तुमचं काय जातंय?"

मासे आमच्या सुश्रुतचे. इंजिनिअरिंगला असताना त्यानं केडगावच्या या फ्लॅटमध्ये काचेची टाकी मांडली आणि क्लाउनफिशची जोडी आणली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, एक मोठा, एक लहान. समुद्रातले मासे! जिथं नळाला रोज पाणी येत नाही, तिथं या पाहुण्यांसाठी फिल्टरच्या पाण्यात पिशवीतलं समुद्री मीठ कालवत बसायचं. दुकानदार म्हणाला होता, चार-पाच वर्षं जगतील. म्हटलं, तेवढं सोसू. पुढे मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं, सून अपूर्वा आली आणि मासे आपले होते तिथेच. बघता बघता चौदा वर्षं झाली.

एवढ्या काळात हिनं त्यांना घरचंच करून टाकलं. पाण्यात हात घालायची नाही, तिथं सोवळं आडवं यायचं. पण संध्याकाळी देवापुढची उदबत्ती टाकीलाही ओवाळायची. "जोडी आहे," म्हणायची, "मोठे ते तुम्ही, लहान ती मी." मी हसायचो.

दिवाळीनंतर माझ्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, स्टेंट घातले. सुश्रुत पुण्याहून धावत आला आणि माझ्या उशाशी बसला. दुसऱ्या दिवशी घरून हिचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"सुश्रुत, मोठा मासा वाढला रे."

"अरे वा, छान!" त्याचं लक्ष माझ्या सलाइनकडे होतं. "बाबा बरे आहेत. ठेवू?"

पलीकडून फोन आधीच ठेवला गेला होता.

मासा वाढला म्हटल्यावर कोण काय समजेल? मीही तेच समजलो. पण हिच्या लेखी तो मासा नव्हताच, तो मी होतो. माझ्याबद्दल 'मेला' हा शब्द ती कशी उच्चारणार? तिनं तिच्या परीनं सगळ्यात जपून सांगितलं आणि पोटचा मुलगा म्हणाला, छान.

आम्ही घरी आलो तेव्हा दारातच वास आला. टाकीतलं पाणी गढूळ झालं होतं. मोठा मासा दगडाखाली अडकून फुगला होता आणि लहान वर येऊन धापा टाकत होता. विजया देवापुढे बसली होती. दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. मला बघितलं आणि तिनं माझी बाही जी धरली, ती सोडेचना.

सुश्रुतनं मेलेला मासा काढला, पाणी बदललं, आणि आईची भीती कळल्यावर तो खो खो हसला. "अगं आई, या माशांत मोठी असते ती मादी! गेली ती बाई. बाबा शाबूत आहेत."

"खरं सांगतोस? बाई गेली?"

"अगदी खरं."

"मग बरं झालं," विजया म्हणाली आणि तिनं भात टाकला. त्या दिवशी ती पोटभर जेवली. त्या 'बरं झालं'चा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. "अहो, इकडे या. चहा कसा करतात ते बघून घ्या." मग कुकरच्या शिट्ट्या, मग फोडणी. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं, तेही तिनं माझा हात धरून शिकवलं. पैठणी अपूर्वाला देऊन टाकली. शिर्डीला बहिणीकडे जाऊन जुनं भांडण मिटवून आली. मी भडकलो. "हा काय वेडेपणा लावलायस?" तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, काकू ठणठणीत आहेत. ही नुसती हसत होती.

तिकडे उरलेला मासा मोठा होऊ लागला. मी सुश्रुतला फोन लावला तेव्हा माझे हात कणकेनं भरले होते.

"बाबा, मादी गेली की नर वाढतो. वाढून मादी होतो. तिची जागा घेतो."

"वाढतो म्हणजे? नीट सांग."

"अहो, खरंच वाढतो. मोठा होतो."

मी हाताच्या कणकेकडे बघितलं. मी नास्तिक नाही, पण असल्या गोष्टी मानणाऱ्यातलाही नाही. तरी खोटं कशाला बोलू, मी घाबरलो.

तसाच उठून माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार बन्सीला म्हटलं, "जोडीला एक लहान दे. आणि हा जगतो किती, ते खरं सांग."

"नीट ठिवला तर ईस वर्संबी जगतोय काका. पान्याची हयगय करून मानसंच लवकर मारत्यात."

"तेव्हा तर चार-पाच म्हणाला होतास."

"तवा आमाला तरी कुठं म्हाईत हुतं?"

नवा मासा टाकीत सोडला. जुन्यानं आधी त्याला टोचे मारून कोपऱ्यात घातलं, मग आठवड्याभरात दोघं बरोबर फिरू लागले. मी विजयाला हाताला धरून टाकीसमोर आणलं. "बघ, जोडी पुरी झाली. आता डोक्यातलं काढून टाक."

तिनं निरखून बघितलं. "मोठा कोण यात?"

"तो आपला जुनाच. राहिलेला."

"म्हणजे तुम्ही. आणि हा लहान?"

"हा नवीन."

"मग मी कुठे आहे?" तिनं विचारलं. रागानं नाही, चष्मा कुठे ठेवलाय म्हणून विचारावं, तसं. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

काही दिवस बरे गेले. मला वाटलं, विसरली. त्या सकाळी मी चहा टाकायला उठत होतो, तर ती म्हणाली, "आज मी करते. तुम्ही पेपर वाचा. येते हं."

स्वयंपाकघरातून आवाज आला. आधी काचेचा, मग जडसा. मी धावलो. ती ओट्याशी पडली होती आणि मनगटाशी हिरव्या बांगड्यांचे तुकडे. किती हाका मारल्या. शेजारची निकिता डॉक्टरला आणायला पळाली.

चहा उतू जात होता. मी गॅस बंद केला. बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते आता मला कळत होतं. मग मुलाला फोन लावला, पण तो शब्द माझ्याही तोंडून निघेना.

"सुश्रुत," मी म्हणालो, "आईची बांगडी वाढली रे."

पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजल्या.

"बाबा, निघालो मी."