हिरव्या ढिगाची राखण

त्या सकाळी मावशीच्या तळहातांना ओल्या खोबऱ्याचा मंद वास येत होता, आणि घरात तर नारळ फोडलेला नव्हता. निरगुडसरचं थंडीतलं कोवळं ऊन तिच्या बांगड्यांवर थरथरत होतं. पदर खोचून ती मला जवळजवळ ओढतच आंब्याखाली घेऊन गेली आणि बाळाच्या अंगावरचं दुपटं सरकवावं तसं शेणखताच्या ढिगावरचं ओलं पोतं तिनं हळूच सरकवलं. आत शेवाळी मखमल पसरली होती, आणि तो खोबऱ्याचा वास तिचाच होता.

ती बुरशी होती, आणि बुरशीवरच सोडायची होती. मावशीच्या डाळिंबांत मर शिरली होती. मुळांत दडलेला हा रोगही बुरशीचाच, एकेक झाड पिवळं करत, फांदी फांदी वाळवत ओळीतून पुढे सरकत होता. काका सगळी ओळच उपटायला निघाले होते. ती कलमं मावशीनं स्वतःच्या हातांनी लावलेली. नव्या पालवीपर्यंत थांबा, एवढंच तिनं त्यांच्याकडून मागून घेतलं होतं.

खरं तर हा दुसरा ढीग. पहिला पिकत असताना ती आळे गावी एका लग्नाला गेली. मागे काकांनी पोतं उचललं, हिरवी बुरशी पाहिली आणि बायकोचं खत नासू नये म्हणून भल्या मनानं त्यावर बुरशी मारणारं मोरचुदाचं निळं पाणी ओतलं. परतल्यावर तिनं पोतं उचललं, तर ढीग निळसर झालेला.

"अवो, राखणदारच मारला की तुमी."

"बुरशी चांगली बी असती, हे मला काय म्हाईत?"

"आता पोत्याला हात लावायच्या आधी इचारा. लई उपकार व्हतील."

आणि ती हसली. त्या हसण्यात रागही होता, पण उन्हात धुकं विरावं तसा तो विरत गेला. जुन्या पाटीच्या बुडाशी चिकटून वाचलेलं पहिल्या ढिगाचं मूठभर खत खरवडून, ते विरजणासारखं ताज्या शेणखतात कालवून, गुळाचं पाणी शिंपडून तिनं त्याच संध्याकाळी नवा ढीग रचला.

मला पटकन बोलता येत नाही. मनातलं मराठी ओठांपर्यंत येताना अडखळतं. मावशीनं कधी शब्द मागितले नाहीत. त्या सकाळीही तिनं सरळ माझा हात ढिगात खुपसला. आत ऊब होती, जिवंत, श्वासासारखी. मग आम्ही झाडाझाडाच्या बुंध्याशी ते हिरवं खत मातीत कालवत गेलो. काका मागून पाणी सोडत होते, दर झाडापाशी आधी विचारून.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा मावशी बांधावरूनच हात हलवत होती. कडेची दोन झाडं वाचली नव्हती. त्यांच्या पलीकडे मात्र अख्खी ओळ तांबूस पालवीनं लुकलुकत होती, आणि काकांनी उपटायचं नाव काढलं नव्हतं. पालवीवरून बोटं फिरवत चाललेली मावशी त्या दोन रिकाम्या जागांपाशी क्षणभर थांबली, झाडं अजून असल्यासारखी त्यांना वळसा घालून पुढे गेली. तेव्हापासून मला वाटतं, काळ झाड नेतो. पण झाडाला वळसा घालायची पावलांची सवय न्यायला तो पुष्कळ उशिरा येतो.