पुदियाप्लाचं टेबल

माझा निकाह झाला होता, पण लग्न व्हायचं होतं. केरळात, आमच्या तलश्शेरीत हे असंच चालतं. निकाह मशिदीत पुरुषांमध्ये उरकतो, नवरीचं तिथे काही काम नसतं, आणि लग्नाचा थाट मागाहून सवडीने होतो. उप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शमीलचा हात हातात घेऊन मला त्याच्या स्वाधीन केलं, तेव्हा मी माडीवरच्या माझ्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या चाचणीची तयारी करत बसले होते. खालून कोणीतरी ओरडलं, "झालं गं, नजवा!"

मी वरूनच विचारलं, "काय झालं?"

यावर घरातल्या बायका पोट धरधरून हसल्या. तो किस्सा अजून पाहुण्यांना सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण काय झालं ते मला खरंच कळलं नव्हतं.

कॉलेजात ग्रीष्माने, माझ्या मैत्रिणीने, लगेच पकडलं. "मग आता तू बाई की पोर?"

"मधलंच काहीतरी."

"नवरा आहे, पण दिसत नाही. म्हणजे भूतच की!"

भूत रोज संध्याकाळी फोन करायचं. शमील कन्नूरच्या एका कंपनीत हिशेबाचं काम बघायचा. त्याचा आवाज मला आवडायचा. तो बोलता बोलता थांबून "हं, मग?" म्हणाला की मला उगाचच हसू फुटायचं. फोन ठेवला की मात्र घड्याळ दिसायचं, न वाचलेलं पुस्तक दिसायचं, आणि त्याचा भयंकर राग यायचा. मग त्या रागाचीही लाज वाटायची. डाळ आणि तांदूळ एकत्र सांडावेत तसं माझं झालं होतं, निवडायला कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

त्यात लग्न आधी आणि पदवीची शेवटची परीक्षा त्याच्या पाठोपाठ. हॉल त्याच दिवशी मोकळा होता, म्हणून.

"परीक्षा काय, दरवर्षी येते," मूत्तुम्मा म्हणाली, आणि विषय संपला.

मूत्तुम्मा म्हणजे उम्माची, माझ्या आईची, थोरली बहीण, कुंजामिना. घर तीच चालवते. आमच्यात घर बायकांचं असतं, आईकडून मुलीकडे जातं. मुली सासरी जात नाहीत, नवरे येतात. रात्री जेवायला-झोपायला यायचं आणि सकाळी भरपेट न्याहारी करून कामावर, नाहीतर आपल्या आईच्या घरी जायचं. अशा माणसाला पुदियाप्ला म्हणतात, म्हणजे नवा जावई, आणि तो मरेपर्यंत नवाच राहतो. मूत्तुम्माच्या नवऱ्याचे दात पडले, गुडघे गेले, तरी माशाचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्याच ताटात, कारण तो पुदियाप्ला.

प्रत्येक लेकीला लग्नात एक खोली मिळते. तिला अरा म्हणतात. माझी अरा म्हणजे ही माडीवरचीच खोली, जिथे मी दहावीपासून वाचत आले. पश्चिमेला खिडकी, आणि खिडकीला लागून उप्पांनी करवून दिलेलं टेबल. त्याचा खण अडकतो, एका कोपऱ्यावर शाईचा मोठा डाग आहे. बाकी सागवान अस्सल.

हॉल ठरला त्याच आठवड्यात उम्मा आणि मूत्तुम्मा टेप घेऊन वर आल्या.

"पलंग इथे. कपाट त्या भिंतीला. आरसा खिडकीपाशी, म्हणजे उजेड पडेल."

"आणि टेबल?" मी विचारलं.

"कुठलं टेबल?" मूत्तुम्मा म्हणाली. ती टेबलावरच कोपर टेकून उभी होती.

"हेच की! मी वाचू कुठे?"

"अगं, अरेत पुस्तकं शोभतात का? पुदियाप्लाच्या घरच्या बायका बघायला येतील. बिछान्याचा दर्जा बघतील, कपाटाची मूठ हलवून बघतील. त्यांना काय तुझी पुस्तकं दाखवू?"

उम्मा हळूच म्हणाली, "नशीब समज, मोळे, माझ्या लेकी. बाकीच्या गावच्या पोरी रडत घर सोडतात. तुला उंबरठासुद्धा ओलांडायचा नाही. तुझं बदलतंय काय?"

खरंच, काय बदलत होतं? तेच घर, तीच उम्मा, तोच जिना. टेबल तेवढं स्वयंपाकघरामागच्या पडवीत गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नारळ रचले गेले.

मग मी जिन्यावर वाचायला लागले. जिन्यावर कोणी ना कोणी चढत-उतरत असायचं, आणि प्रत्येकाला मला काहीतरी विचारायचं असायचं. लेहंगा मोरपंखी की डाळिंबी? मेंदीला किती मुली येणार? ग्रंथालयातून आणलेलं मलबारच्या जुन्या घरांवरचं जाडजूड पुस्तक मांडीवर उघडं असायचं आणि पान काही उलटायचं नाही. त्या पुस्तकात आमच्याच घरांची थोरवी होती. इथल्या स्त्रीला कसं स्वतःचं घर, स्वतःची खोली, स्वतःचा मान असतो, वगैरे. वाचता वाचता मला वाटायचं, हे नक्की कोणाबद्दल चाललंय?

एकदा वर्गात सरांनी मलाच उभं केलं. "नजवा, तू अशा घरातली. तूच सांग, तुमच्या घरात स्त्रीचं स्थान कुठे आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "जिन्यावर, सर."

अख्खा वर्ग हसला. सरही हसले. मी बसले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि बाजूला बसलेल्या ग्रीष्माने ते पाहिलं.

कॅन्टीनमध्ये तिने सगळं काढून घेतलं आणि चहा ढवळत म्हणाली, "गंमतच आहे. माझी चेची लग्न करून बेंगळुरूला गेली ना, तिची खोली अजून तशीच आहे. आई रोज पुसते. मी थोरल्या बहिणीच्या कॉटवर नुसती आडवी झाले तरी ओरडते."

जी गेली तिची खोली तशीच. मी कुठेच जात नव्हते, आणि माझ्या टेबलावर नारळ. हे मी दोन-तीनदा मनाशी फिरवून पाहिलं, पण ते कुठूनही सरळ बसेना.

त्या संध्याकाळी मी शमीलला विचारलं, "तुमचं सामान कुठे ठेवणार तुम्ही?"

"कसलं सामान? चार शर्ट आणीन. बाकी सगळं इथेच, उम्माकडे. माझी खोली आहे ना इथे."

"टेबल?"

"टेबलही आहे. का गं?"

"काही नाही."

"हं, मग?" तो म्हणाला. या वेळी मला हसू आलं नाही. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण सांगणार काय? लग्नाच्या तोंडावर टेबलासाठी रडणारी नवरी कोणी पाहिली आहे का?

लग्नाच्या आदल्या दिवशी अरा बघायला त्याच्याकडच्या बायका येणार होत्या. सकाळपासून सगळं घर बिर्याणीच्या मागे. ग्रीष्मा मेंदीसाठी लवकर आली होती. तिला घेऊन मी पडवीत गेले, नारळ खाली उतरवले आणि म्हटलं, "धर तिकडून."

"वेडी झालीस?"

"माहीत नाही. धर."

मी हे आधी ठरवलं होतं का? नाही. आम्ही धापा टाकत टेबल वर नेलं, आरसा सरकवला, खिडकीपाशी टेबल लावलं आणि त्यावर माझी सगळी पुस्तकं मांडली.

बायका आल्या. पुढे शमीलची थोरली बहीण, सफूरात्ता. बिछाना दाबून झाला, कपाटाची मूठ हलवून झाली, पडद्याचं कापड बोटांत चोळून झालं. मग सगळ्या टेबलापाशी थांबल्या. मूत्तुम्माच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"हे काय?" सफूरात्ताने विचारलं.

"हे? हे पुदियाप्लासाठी," मूत्तुम्मा म्हणाली. तिला एक श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही. "हिशेबाचं काम ना त्याचं? रात्री इथे आला तरी टेबल लागणारच. माणसाने विचार करायला नको?"

"पडच्चोने, देवा! किती ते मनाचं मोठेपण!" सफूरात्ताने टेबलावरून मायेने हात फिरवला, नेमका शाईच्या डागावरून. "आम्हाला नाही गं सुचलं. आणि ही पुस्तकं?"

"ती काय, काढायचीच आहेत."

'माझं आहे' हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले. ग्रीष्माने पाठीमागून कोपर मारलं. बोलले तर मूत्तुम्मा पाहुण्यांसमोर खोटी पडणार. गप्प बसले तर निदान टेबल तरी वर राहणार. मी गप्प बसले. ती हुशारी होती की भेकडपणा, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळतं असंही नाही. बायका गेल्यावर मूत्तुम्माने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा अख्खा तांब्या घशात ओतला.

संध्याकाळी फोनवर शमील आनंदाने नुसता उतू जात होता. "सफूरात्ता म्हणाली, माझ्यासाठी टेबल ठेवलंय! फार बरं केलंत. मी म्हणतच होतो, रात्री काम निघालं तर पंचाईत होईल."

"हं," मी म्हटलं. माझ्या टेबलाला त्याने फोनवरूनच हात घातला होता, आणि तो घालताना तो इतका गोड होता की मला त्याचा रागही येईना. स्वतःचा मात्र आला, चांगला सणसणीत.

लग्न झालं. मैत्रिणींनी माझ्याभोवती टाळ्यांचा फेर धरून गाणी म्हटली, हजार माणसांनी बिर्याणी खाल्ली, डाळिंबी लेहंग्याने माझी कंबर धरली. दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं. माझी पुस्तकं जमिनीवर, भिंतीला टेकून, व्यवस्थित रचून ठेवलेली. आणि टेबलाशी शमील. समोर लॅपटॉप, किल्ल्या, घड्याळ, चार्जर.

"उठलीस? हा खण अडकतोय गं," तो म्हणाला. "सुताराला बोलवायला हवं."

"वर उचलून ओढायचा," मी म्हटलं.

त्याने तसा ओढला. खण उघडला आणि तो आत बघत राहिला. माझी पेनं, बसचा पास, केसांचे चाप, चिंचेच्या गोळ्या, दहावीच्या निकालाच्या दिवशी उप्पांबरोबर काढलेला फोटो.

"हे कोणाचं?"

"माझं."

"खण?"

"खण, टेबल, खिडकी. सगळं."

"पण सफूरात्ता तर म्हणाली..."

"मूत्तुम्मा खोटं बोलली. आणि मी गप्प बसले." मी पलंगावरून उठले. "उठा, शमीलिक्का. मला परीक्षेचं वाचायचंय."

तो चुकीच्या स्टॉपवर उतरलेल्या माणसासारखा इकडेतिकडे बघायला लागला. रागावला होता का? मला त्याचा चेहरा वाचता येत नव्हता. फोनवर त्याला चेहरा नव्हता ना.

"मग मी कुठे बसू?" त्याने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

"तुमचं टेबल तुमच्या उम्माकडे आहे की."

तो उठला. लॅपटॉप छातीशी धरून पलंगाच्या कडेला बसला. मी जमिनीवरची पुस्तकं उचलून टेबलावर मांडू लागले, आणि मान वर केली तर दारात मूत्तुम्मा. हातात ही मोठी थाळी. पुदियाप्लाची पहिली न्याहारी: तांदळाच्या पत्तिरी, मटणाचा रस्सा, अंड्याचा हलवा, केळ्याच्या तळलेल्या पुऱ्या, आणि मध्ये वाफाळता चहा. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांतच ते दिसत होतं.

"थाळी कुठे ठेवू?" तिने विचारलं.

त्या घरात आजवर कुठल्याही पुदियाप्लाच्या न्याहारीला जागा कमी पडली नव्हती. पहिल्याच सकाळी मी माझ्या लग्नाचं वाटोळं केलं की काय? उम्मा नक्की तेच म्हणणार होती, आणि कदाचित तिचं बरोबरही असेल. मला शमील आवडत होता. हे सगळं मला हवंही होतं आणि नकोही होतं. मूत्तुम्माचे दंड थाळीच्या वजनाने थरथरायला लागले होते.

शेवटी शमीलने लॅपटॉप उशीवर ठेवला, हात पुढे केले आणि म्हणाला, "इकडे द्या."

त्याने थाळी मांडीवर घेतली. रस्सा थोडा चादरीवर सांडला. मूत्तुम्माने 'अरेरे' केलं आणि माझ्याकडे पाहिलं. टेबलावर थाळीपुरती जागा सहज झाली असती, दोन पुस्तकं सरकवली की पुरे.

मी खुर्ची ओढली, जाडजूड पुस्तकातलं तेच पान उघडलं आणि वाचायला बसले. पुस्तकं मी सरकवली नाहीत.