दैवशालाच्या गाडीचं नवं इंजिन

नळदुर्गच्या चढावर गाडीनं दम सोडला. मागून उसाचा ट्रॅक्टर आला आणि हॉर्न वाजवत पुढं निघून गेला. जाता जाता ट्रॅक्टरवाल्यानं हात केला. बब्रुवाननंही केला. दुसरं काय करणार?

"दोन ट्रॉल्या ऊस ओढत गेला तो," स्टिअरिंगवर बसलेली निकिता म्हणाली. "आन् आपण तिघंच हाव."

"त्यात मी तर वाळून काडी झालेय," मागच्या सीटवरून तिची आत्या, नागूबाई म्हणाल्या. "माझं वजन धरू नको."

निकितानं गाडी वळवली आणि सास्तूरची, घरची वाट धरली. बब्रुवान खिडकीबाहेर बघत राहिला. आज रविवार. दुपारी रणधीर येणार आणि गाडी घेऊन जाणार.

ही छोटी पांढरी मारुती बब्रुवानच्या बायकोची, दैवशालाची. ती अंगणवाडीची कामं बघायची, गावोगाव फिरायची. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली. बब्रुवाननं सगळा जन्म ट्रॅक्टर चालवला, पण या गाडीत तो कायम शेजारच्या सीटवर. "गुमान बसा, शिकवू नका," असं ती म्हणायची आणि तो गुमान बसायचा. मागच्या सालाच्या आधीच्या साली ती गेली. गाडी गोठ्यात उभी राहिली आणि उभ्या उभ्या इंजिन जाम झालं. सकाळी धार काढताना गाडीकडं बघवत नव्हतं आणि बघितल्याबिगर राहवतही नव्हतं. त्यामुळं जळकोटच्या भाच्यानं, रणधीरनं, गाडी मागितली तेव्हा बब्रुवान म्हणाला होता, "घेऊन जा बाबा एकदाची."

पण लेक निकिता आडवी आली. ती सोलापूरला वर्कशॉपात कामाला. अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं तेराशे सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन तिनं भंगारातून निवडून आणलं. गोठ्याच्या आढ्याला साखळी बांधून जुनं उतरवलं, नवं चढवलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा म्हशीनं दावं तोडलं. बब्रुवान म्हशीमागं पळाला आणि पळता पळता हसला. घरात ते हसणं सगळ्यांनी ऐकलं.

तेव्हापासून त्याला गाडी द्यायची नव्हती. पण शब्द तर दिलेला. शेवटी असं ठरलं, की या रविवारपर्यंत नळदुर्गचा चढ गाडीनं न थांबता चढला तर गाडी घरची, न्हायतर रणधीरची. रणधीरचा डोळा आता गाडीवर नव्हता, इंजिनावर होता. मातीवरच्या शर्यतीसाठी तो स्वतःची गाडी तयार करत होता.

गोठ्यात आल्यावर निकितानं बॉनेट उघडलं. गेले पंधरा दिवस ती हेच करत होती. सुरू व्हायला इंजिन फक्कड, उभ्यानं गुरगुरायचं झकास. दुसऱ्या गिअरपर्यंत पळायचं, मग वर आवाज चढायचा आणि ताकद काही यायची नाही. तिनं पेट्रोलचा दाब मोजला, बरोबर होता. इंजिनाच्या दातेरी पट्ट्याचा एक दात चुकलाय का बघितलं, नव्हता चुकला. चाकं उचलून हातानं फिरवली, ब्रेकही धरत नव्हते. मागचं धुराडंसुद्धा उतरवून, तुंबलंय का म्हणून आत बॅटरीचा उजेड मारला. पार पलीकडचं दिसत होतं.

तेवढ्यात पिकअपचा हॉर्न वाजला. रणधीर दुपारच्या आधीच आला.

"काय निके, चढली का?"

"चढंल."

"अगं, घोड्याचं काळीज शेळीत बसवलंस. तरी शेळी ती शेळीच."

"तुझ्या गाडीत तर काळीजच न्हाय, म्हणून इथं आलास."

"बास कर रे," नागूबाई पोरावर डाफरल्या. रणधीर त्यांचाच लेक. भावजय गेल्यापासून त्या भावाकडंच जास्त असायच्या. "भाकर खा आधी. तुझा मामा कुठं पळून जायलाय का?"

रणधीर चुलीकडं गेला. बब्रुवानला हातावर हात ठेवून बसवेना. ट्रॅक्टरचा एअर फिल्टर तो रोज संध्याकाळी काढून चाकावर आपटायचा. त्या सवयीनं त्यानं या गाडीचा फिल्टर काढला आणि चाकावर दोनदा आपटला. खाली काहीच पडलं नाही.

"बरंय की," तो म्हणाला. "धुळीचा कण न्हाय. लई चांगला लावलास बघ."

निकितानं मान वर केली. "परत आपटा, आप्पा."

त्यानं आपटला.

"पंधरा दिवस आपण आपल्या कच्च्या रस्त्यानं गाडी फिरवायलोय," ती सावकाश म्हणाली. "नाकात धूळ, कानात धूळ. आन् फिल्टर दुकानातून आणल्यासारखा?"

 धूळ येत नाही म्हणजे हवाच पुरती येत नाही. फिल्टरपर्यंत हवा आणणारी नळी पुढच्या दिव्यामागून वाकून येत होती. निकितानं दिवा सोडवला, नळी ओढून काढली आणि तिच्यात बोट घातलं. बोट अडलं. तिनं वाकडी तार घातली आणि ओढली.

बाहेर आला हिरवा खण. गच्च गाठ मारलेला. बब्रुवाननं गाठ सोडली तर आत तांदूळ, हळकुंड आणि सुपारी.

"आत्या!" निकितानं हाक मारली.

नागूबाई पिठाच्या हातानं आल्या. खण बघून त्यांचा चेहरा उजळला. "व्हय, म्याच घातला. परक्या घरातनं आपल्या घरी आलं ते. पहिल्या दिशी ओटी भराय नको? पुढं तोंड दिसलं, त्यात सारली. नारळ काय मावंना, म्हणून तो फोडून खाल्ला आपण."

"आत्या, ओटी पदरात घालत्यात! तुमी नरड्यात कोंबलात!"

रणधीर भाकरीचा तुकडा हातात घेऊन धावत आला. त्यानं खण बघितला, आईकडं बघितलं आणि भिंतीला टेकून खदखदा हसायला लागला.

"आक्का," बब्रुवान म्हणाला, "लेकाला इंजिन मिळावं म्हणून तर न्हाय ना केलंस?"

"तुझ्या तोंडाला काय हाड हाय का, बब्रू? दैवशालाच्या पेटीतला खण हाय तो. तिची गाडी, म्हणून तिचाच घातला."

 बब्रुवाननं खण झटकला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग म्हणाला, "चला. ऊन व्हायच्या आत."

नळदुर्गच्या चढाच्या पायथ्याशी निकितानं गाडी क्षणभर थांबवली. मागं रणधीरचा पिकअप उभा. तिनं गिअर टाकला. पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याला गाडीनं अशी उसळी घेतली, की बब्रुवानची पाठ सीटला चिकटली. इंजिनाचा आवाजच पालटला. आत्तापर्यंत गळा दाबून बोलत होतं, आता ओरडत होतं. उसाचा एक ट्रॅक्टर मागं पडला, मग एक एसटी, मग मालाचा मोठा ट्रक. पिकअप आरशात बारका होत होत वळणाआड गेला.

"हळू गं बाई!" नागूबाई ओरडल्या आणि लगेच म्हणाल्या, "आता त्या लाल गाडीला टाक मागं!"

"टाक, टाक!" बब्रुवान दोन्ही हात डॅशबोर्डवर आपटत होता. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि तोंड कानापर्यंत फाकलं होतं. पुसायचं त्याला सुचलं नाही.

माथ्यावर बराच वेळ वाट बघितल्यावर रणधीर पोचला. खाली उतरून त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यावर काढला.

"मामा, शब्द म्हंजे शब्द. गाडी तुमची." मग जरा घुटमळून म्हणाला, "एक चक्कर मला द्याल का पण?"

"मागं बस," बब्रुवान म्हणाला. "आन् गुमान बस."

"परत घरी ना, आप्पा?" निकितानं विचारलं.

"घरी कशाला? खाली घे. अजून एकदा चढू."

रणधीर आईला सरकवून मागं बसला. त्याचा रिकामा पिकअप माथ्यावरच राहिला, आणि गाडी वळून चौघांना घेऊन उताराला लागली.