साठ खुणेचे मासे

वलीच्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नव्हतं. वली माझा जुना विद्यार्थी, आता हैदराबादेत मत्स्यखात्यात कारकून. त्यानं उर्दूत लिहिलं होतं, "मास्तरसाहेब, जळकोटच्या तलावात मासे किती ते मोजून कळवा. ठेकेदार पन्नास हजार सांगतो. त्याला बारीक जाळं बारमाही टाकायचं आहे. मासे कमी निघाले तर विणीच्या दिवसांत तलाव बंद ठेवायची शिफारस करता येईल." खाली रीत दिली होती. काही मासे पकडून खूण करा आणि सोडा. पंधरा दिवसांनी पुन्हा जाळं टाका. आलेल्यांत खुणेचे किती, त्या प्रमाणावरून साऱ्या तलावाचा अंदाज निघतो.

रीत मी दहादा वाचली आणि पत्र वहीत ठेवून दिलं. जन्मभर दुसऱ्यांची गणितं तपासली. स्वतःचं एकही कुणापुढं ठेवलं नव्हतं. चुकलं तर? शिवाय आम्ही लिंगायत, घरात मासा चालत नाही.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याचं दुसरं पत्र आलं. एकच ओळ: "मृगाआधी आकडा आला नाही तर ठेका मंजूर होईल."

मग मात्र मी बायकोकडं, पार्वतम्माकडं, तिची कात्री मागितली.

"न्या," ती म्हणाली, "पण परत आणू नका."

तलावावर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारा गोरोबा भोई जाळं ओढायचा. मी नाकाला उपरणं लावून शेपटीचं टोक कापायचो आणि मासा पाण्यात सोडायचो. असे साठ सोडले.

पंधरा दिवसांनी गोरोबानं सकाळभर जाळं टाकलं. मी लिंबाखाली वही घेऊन बसलो. दुपारी पाट्या आल्या. काडीनं एकेक मासा उलटून पाहिला. एकशे चव्वेचाळीस. खुणेचा एकही नाही! म्हणजे ठेकेदार खरा?

"गोरोबा, खुणेचा एकपण कसा आला नाही?"

"आले की. सोडले."

"सोडले?"

"मग! गळ्यात लिंग असलेला माणूस साठ मासे खूण करून सोडतो, म्हंजी नवसच न्हाय का? देवाला सोडलेला खोंड कुणी औताला जुपतं व्हय?"

चूक माझीच होती. कसं करायचं ते सांगितलं होतं. कशासाठी, ते सांगितलंच नव्हतं.

"किती सोडले?"

गोरोबा डोकं खाजवू लागला. त्याची बायको धुरपदाबाई काठावर पाट्या धूत होती. ती म्हणाली, "त्यास्नी काय इचारता? मला इचारा. दर माशामागं आसरांपुढं एक खडा ठेवलाय म्या."

मी घाटाकडं पळालो. या वयात! पाण्यातल्या देवींच्या शेंदरी दगडांपुढं खडे ओळीनं मांडलेले होते. आठ.

"धुरपदाबाई, तोच मासा दोनदा तर आला नसेल?"

"कसा येईल? समदे हितंच घाटापाशी सोडले. आसरांच्या अंगाला जाळं टाकतो का आमी?"

एकशे चव्वेचाळीस आणि आठ, एकशे बावन्न. त्यात आठ खुणेचे, म्हणजे एकोणिसांत एक. खुणेचे साठ, तर साठ एकोणीसे...

"अकराशे चाळीस!" मी ओरडलो. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

गोरोबानं तलावाकडं पाहिलं. "एवढंच? लई हायत असं वाटायचं."

"मास्तर," धुरपदाबाई म्हणाली, "मग लिव्हा की. आता कशाची वाट बघताव?"

घाटाच्या पायरीवर बसूनच लिहिलं. खडे कसे मोजले तेही लिहिलं, माझी चूकही लिहिली. "आठ हा आकडा लहान आहे. मासे सातशेही असतील, दोन हजारही. पन्नास हजार मात्र नाहीत. तलाव विणीत बंद ठेवावा." खाली सही केली. एकदाही खोडलं नाही.

नळदुर्गला जाणारी बैलगाडी मिळाली. टपालकचेरीतल्या माणसानं पाकीट हातात घेतलं आणि नाक मुरडलं.

"मास्तर, याला मासळीचा वास येतोय."

"येणारच," मी म्हणालो, आणि त्याच्या हातातून घेऊन ते स्वतःच पेटीत टाकलं.