राबतं घर

“काच तेवढी पुसायची, टप धुळीचाच ठेवायचा,” साखराबाई शेजारच्या अमीरबीला सांगत होत्या. “गाडी चकाचक दिसली की कळतं, मालक गावाला गेलाय अन् दुसरं कुणीतरी पुसून राहिलंय. वापरातल्या गाडीची नुसती समोरची काच साफ असती.”

वैजनाथ सर सहकुटुंब तिरुपतीला गेले होते. साखराबाईंनी त्यांच्या गेटमध्ये पडलेला पेपर उचलला, सडा टाकला, चार रेघांची रांगोळी ओढली आणि पुढच्या कुलूपबंद दाराकडे निघाल्या. मागून शिल्पा चालत होती. ती दिवाळीसाठी आईला नांदेडला न्यायला आली होती आणि आई तिला सकाळपासून लोकांच्या दारांवरून फिरवत होती.

लातूरच्या त्या गल्लीत एका दिवाळीत ओळीने घरं फुटली होती. दागिने घरात ठेवू नका, शेजाऱ्यांना सांगून जा, असं पोलीस बजावून गेले. लोक सांगून जाऊ लागले ते साखराबाईंना. दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेली विधवा, कोपऱ्यातलं घर, कुठे जाणं-येणं नाही. चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला आला आणि त्यांना जणू पुन्हा वॉर्ड मिळाला.

घर राबतं दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. दिवेलागणीला प्रत्येक घरात दिवा लावायचा आणि उजाडताच विझवायचा, कारण दिवसा जळणारा दिवा म्हणजे चोराला आवतण. दोरीवर रोज ओला कपडा हवा. कालचाच वाळलेला टॉवेल दिसता कामा नये. त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्याबाहेर व्यंकटरावांच्या, म्हणजे गेलेल्या नवऱ्याच्या चपला असत, कधी सुलट, कधी एक पालथी. गल्लीने कौतुकाने भेट दिलेला रेडिओ साखराबाई रोज संध्याकाळपासून मोठ्याने लावून ठेवत. बाई एकटी राहते हे रस्त्यावर कळू नये म्हणून.

“आणि तुझ्याकडे कोण बघतंय?” शिल्पाने विचारलं.

“मला कोण चोरून न्यायलंय? जुनं सामान हाय.”

“नेलं तरी सकाळी आणून सोडंल,” अमीरबी म्हणाली आणि दोघी हसल्या.

शिल्पाला हसू आलं नाही. गुडघे दुखतात, न्हाणीत दोनदा तोल गेलाय, हे तिला अमीरबीकडूनच कळलं होतं. आता एकटीने राहणं पुरे, असं तिने परोपरीने सांगून पाहिलं. साखराबाई ऐकून घेत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “लोकं माझ्या भरवशावर गेलेत, बाई. एवढी दिवाळी होऊ दे. चाव्या ज्याच्या त्याला दिल्या की येते. बॅग भरूनच ठेवते.”

शिल्पा एकटीच परतली.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने फोन उचलला नाही. लोकांची दारं करत असेल, म्हणून शिल्पाने पुन्हा लावला नाही. पहाटेच्या बसने रेणापूरला गेलेली अमीरबी दुपारी परत आली आणि तिचा फोन आला.

“बेटी, सगळ्या बंद घरात लाईटी चालू हायेत. उन्हं डोक्यावर आलीत अन् लाईटी चालूच.”

“आई कुठाय?”

“घरातच हायेत वाटतं. रेडिओ चालू हाय. दार न्हाई उघडून राहिल्या.”

त्या दिवाळीत गल्लीत एकच दार फुटलं, साखराबाईंचं. अमीरबीच्या मुलाने, महेबूबने पहारीने कडी तोडली. साखराबाई न्हाणीत पडलेल्या होत्या. खुबा मोडला होता. रात्रीतून बराच वेळ जीव असावा, असं डॉक्टर म्हणाले.

शिल्पा पोचली तेव्हा अमीरबी भिंतीला टेकून बसली होती. “रात्री भिंतीपल्याड रेडिओ ऐकू येऊन राहिला होता. म्हणलं, जाग्या हायेत. बरं वाटलं मला.” मग म्हणाली, “त्यांनी हाक मारली असंल का गं?”

शिल्पाने रेडिओची पिन काढून ठेवली.

गल्ली परत आली. कुणाचा चमचासुद्धा गेला नव्हता. लोक भेटायला येत, हळहळत, आणि उठताना संकोचाने जुडग्यातली आपली चावी काढून घेत. वैजनाथ सरांना त्यांची सापडेना, तेव्हा शिल्पानेच ती शोधून दिली. शेवटी जुडग्यात आईच्या घराची चावी तेवढी उरली.

तेराव्यानंतर आईच्या साड्या वाटल्या. नांदेडला यायची बॅग खरंच भरलेली होती. त्यातली वरची हिरवी साडी अमीरबीने मागितली. आठवण म्हणून हवी असेल, असं वाटून शिल्पाने ती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दाराला कुलूप घातलं. आता या घरात कुणी नाही हे कुणालाही दिसलं असतं. चावी अमीरबीला द्यायला ती वळली, तर अंगणातल्या दोरीवर हिरवी साडी पसरलेली होती, नुकतीच पिळलेली. काठावरून फरशीवर पाणी ठिबकत होतं. कुंपणापलीकडे अमीरबी पदराला हात पुसत उभी होती.

“तू जा, बेटी,” ती म्हणाली. “मी रोज भिजवीन.”

शिल्पाने चावी तिच्या ओल्या हातात ठेवली. गाडीपर्यंत गेली, पुन्हा मागे आली, आणि वाकून वडिलांची एक चप्पल पालथी केली.